कार्बोरेटरच्या कानाची खूण

दौंडच्या मिस्तरीला मी सगळ्यांदेखत चोर ठरवलं, आणि ते करताना मला जो आनंद झाला तेवढा माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला मी गरीब गाय वाटायला नको. सासूबाई म्हणायच्या, हिला कुणी एक शब्द बोललं की ही पदराला गाठ मारून ठेवते. खरं होतं ते. गाठी मी मोजून ठेवायची.

जीप आमच्याकडं लष्कराच्या लिलावातून आली. दोन हजार साल यायला तेव्हा सात-आठ वर्षं होती. पेट्रोलची, चारी चाकांनी ओढणारी, रंग उडालेली. आमची मूळची मेंढरांची माणसं. निमोण्याच्या पुढं माळावर आता वस्ती झाली होती, विहीर होती, कांदा होता, पण माझे दोन दीर अजून मेंढरं घेऊन घोड नदीच्या कडेनं फिरायचे. त्यांच्या तळावर पाण्याचे ड्रम न्यायचे, पेंड न्यायची, आजारी मेंढरू आणायचं, सगळं ह्या जीपमधून. इनामगावाच्या अंगाला नदीच्या पात्रातून वर यायला एक खडा चढ होता. ट्रॅक्टरवाले तिथं देवाचं नाव घ्यायचे. आमची जीप तो चढ एका दमात चढायची, आणि ती चढली की मला उगाच आपणच काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

आमच्या मालकांना गाडी चालवायची भारी हौस. बॉनेट मात्र त्यांनी कधी उघडलं नाही, ते काम माझ्याकडं आलं. त्याचं कारण स्टोव्ह. माळावरच्या सगळ्या वस्त्यांवरचे स्टोव्ह दुरुस्तीला माझ्याकडं यायचे, वायसर बदलायचा, पिन मारायची, पंप तपासायचा. पहिल्यांदा कार्बोरेटर खोलला तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, अगं बाई, हा तर स्टोव्हचा थोरला भाऊ! तेल आत येतं, बारीक भोकातून उडतं, वारा मिसळतो, पेट घेतं. ते बारीक भोक म्हणजे जेट. हवापेट्रोल कमीजास्त करायला बाजूला एक स्क्रू. आणि पेट्रोल किती भरलं की थांबायचं हे सांगायला आत एक पितळी तरंगा. एवढंच तर असतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्यात प्रत्येक घराची मेंढरांच्या कानाची खूण असते. हजार मेंढरं एकात मिसळली तरी कान बघून ज्याची त्याला मिळतात. आमची खूण म्हणजे डाव्या कानाला दोन खाचा. ही सवय एवढी हाडीमासी खिळलेली की पातेली, बादल्या, खोरी, सगळ्यांना डाव्या अंगाला दोन खाचा. जीप आली त्याच आठवड्यात मी कानस घेऊन कार्बोरेटरच्या तळाच्या पट्टीलाही डावीकडं दोन खाचा मारल्या. मालक म्हणाले, “आता ह्येला चरायला सोडतीस का काय?”

आता माझी चूक. एकदा जीप आचके द्यायला लागली. जेटमध्ये कचरा अडकला होता. मी काय करावं? स्टोव्हची पिन घेतली आणि जेट असा लख्ख साफ केला की बघत राहावं. पितळ मऊ असतं, पिनेनं भोक मोठं होतं, हे कुणाला ठाऊक! जीप काळा धूर सोडायला लागली आणि पेट्रोल ढसाढसा प्यायला लागली. मालक म्हणाले, दौंडला नेऊ. दौंडात रेल्वेच्या अंगाला एक मिस्तरी होता, म्हातारपणाकडं झुकलेला, सगळे त्याला मामा म्हणायचे. डिझेलचं वेड सगळीकडं लागलं होतं, पेट्रोलच्या जीपला हात लावणारा तो एकटाच उरला होता.

चार दिवसांनी गाडी आणायला आम्ही दोघं गेलो. गॅरेजसमोर पाच-सात ड्रायव्हर चहा पीत बसले होते. मी सवयीनं बॉनेट उघडलं. वर बसवलेला कार्बोरेटर आमचा नव्हता. आकार तोच, पण अंगाला तडा बुजवल्याची वळी होती, आणि डाव्या पट्टीला खाच नव्हती. मी म्हटलं, “मामा, ह्यो आमचा न्हाई.”

मिस्तरीनं फडक्याला हात पुसले. “वैनी, जेटात स्टोव्हची पिन घालणाऱ्या बाईनं कार्बोरेटर वळखायच्या भानगडीत पडू ने. तुमी आपलं भाकरीकडं बघा.”

ड्रायव्हर खो खो हसले. त्यांचं काय, ते कशालाही हसतात. पण माझ्या शेजारी उभे असलेले आमचे मालकही हसले. तोंडावर हात ठेवून, खाली बघून, पण हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्तरीचं बोलणं मी एक वेळ गिळलं असतं. नवऱ्याचं ते हसू मात्र घशाखाली उतरेना. त्याच जागी उभं राहून मी ठरवलं, ह्या मेल्याला मी ह्याच अंगणात, ह्याच लोकांपुढं चोर ठरवीन, आणि माझ्या नवऱ्याला ते बघायला लावीन.

परत येताना मालक एवढंच म्हणाले, “जाऊ दे. जीप जुनी झालीया.”

पंधरा दिवसांत इनामगावच्या त्या चढावर जीप बंद पडली. मालक चालवत होते, मागं पाण्याचे भरलेले ड्रम, मी आणि दोन नुकती जन्मलेली कोकरं. अर्ध्या चढावर इंजिन खोकलं, गप झालं आणि गाडी मागं घरंगळली. दगडाला अडली म्हणून आम्ही वाचलो. ड्रम कलंडला आणि एक कोकरू त्याच्याखाली सापडून मेलं. त्या कोकराला मांडीवर घेऊन मी मिस्तरीला जे शाप दिले ते इथं लिहिता येत नाहीत. मालक एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना कोकराचं वाईट वाटतंय.

मग मी शिकायला बसले. राग हा फार चांगला मास्तर आहे, छडी खाली ठेवतच नाही. शिरूरला बाजाराला गेले की भंगारवाल्याच्या दारात ठाण मांडायची. तो आधी हसायचा, मग ओळखायला लागला, मग माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागला. तीन मोडके कार्बोरेटर मी पिशवीत कांद्याखाली घालून घरी आणले. दुपारी सगळे रानात गेले की ओट्यावर पोतं अंथरायचं आणि तिन्ही खोलून बसायचं. एकाचं अंग चांगलं, एकाचा तरंगा चांगला, एकाचा जेट अजून कुणी पिनेनं बाटवला नव्हता. तिघांचा एक केला. जेट आता सायकलच्या पंपानं हवा मारून साफ करायची. मधली पॅकिंग जाड पुठ्ठ्याची कापली.

पहिल्यांदा बसवला तेव्हा पेट्रोल वरून सांडायला लागलं. तरंग्याची पितळी जीभ थोडी वाकवली, सांडायचं थांबलं. सपाटीला गाडी झकास, चढाला परत धाप. आठ दिवस डोकं खाल्लं त्यानं माझं. मग एका दुपारी तांब्यात पाणी घेऊन तो तिरका धरला आणि डोक्यात उजेड पडला. चढाला गाडी तिरकी होते, आतलं पेट्रोल मागं सरकतं आणि जेट कोरडा पडतो. जीभ केसभर उलट वाकवली, आतली पातळी थोडी वाढवली. बाजूचा स्क्रू पुरता बंद करून दीड फेरा उघडला, मग कान लावून पाव पाव फेरा मागंपुढं. आवाज एकसारखा झाला की पोटात कसं गार वाटतं. स्क्रू फिरवताना दर वेळी मी मनात मिस्तरीचा कान पिळत होते, खोटं कशाला सांगू!

जीप चढ चढली. वर दीर उभे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, “झालं ना आता? मिटलं.” मी म्हटलं, व्हय, मिटलं. मिटलं बिटलं काही नव्हतं. मला माझा कार्बोरेटर हवा होता.

तो सापडला शिरूरच्या बाजारात. नदीचं पाणी उचलून पाळीपाळीनं रानांना सोडणाऱ्या आमच्या लिफ्ट सोसायटीचे चेअरमन होते, मोठे बागायतदार, पांढरीशुभ्र टोपी. त्यांचीही आमच्यासारखीच पेट्रोलची जीप होती. तिचं बॉनेट उघडून ड्रायव्हर पाणी ओतत होता. मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन जवळून गेले आणि सहज आत डोकावले. डाव्या पट्टीला दोन खाचा. माझ्या कानशीच्या, थोड्या वाकड्या. हरवलेलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात दिसावं तसं झालं मला. ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही. घरी येऊन मालकांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते जाऊ दे म्हणाले असते, आणि मला जाऊ द्यायचं नव्हतं.

मी खंडेनवमीची वाट बघितली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिस्तरी लोक सगळी हत्यारं धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून मांडतात. एकदा पूजा झाली की दसरा सरेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या हार घालून आणतात, नारळ फुटतो, पेढे वाटतात. त्या दिवशी गॅरेजच्या अंगणात पन्नासएक माणूस असतो. आमच्या घरातही खुरपी, विळे, पाने पूजेला मांडले होते. त्यातून मी तेराचा पाना आणि पेचकस मागं ठेवला. देवा, माफ कर म्हटलं, आणि पिशवीत टाकला. मालकांना सांगितलं, दौंडला पूजेला जाऊ, माणसाशी वाकडं कशाला धरायचं. ते माझ्याकडं बघतच राहिले.

अंगण भरलं होतं. चेअरमनांची जीप मधोमध, झेंडूनं मढलेली. पूजा होईस्तोवर मी दम धरला. पेढा हातावर आला तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, “मामा, चेअरमनसाहेबांच्या जीपचं बॉनेट उघडा. माझं मेंढरू हाय त्यात.”

मिस्तरी म्हणाला, “वैनी, आज हत्याराला हात लावायचा नसतो.”

“तुमी नका लावू. माझा पाना पूजेत न्हाई.”

मी बॉनेट उचललं, लोकांना जवळ बोलावलं, खाचा दाखवल्या. मग आमच्या जीपमधून एक बादली आणून तिच्या डाव्या काठावरच्या दोन खाचा दाखवल्या. आमच्याकडचे दोन मेंढपाळ तिथं होते, त्यांनी खूण बघताच माना डोलावल्या. चेअरमन लाल झाले. म्हणाले, “आपल्याला काय म्हाईत? मिस्तरीनं बसवला, आपुन विश्वास टाकला.” मी तिथंच नट सोडले, माझा कार्बोरेटर काढला आणि आमच्या जीपवरून उतरवून ठेवलेला त्यांचा तडा गेलेला पिशवीतून काढून बॉनेटवर ठेवला. “ह्यो तुमचा. बसवून घ्या आता. परवा.” लोक हसले. ह्या वेळी ते माझ्या बाजूनं हसले.

मिस्तरी हत्यारांसमोर उभा होता. मी म्हटलं, “मामा, बोला की. चोरला का न्हाई?” त्यानं एकदा हत्यारांकडं बघितलं, एकदा आमच्या मालकांकडं बघितलं आणि मान खाली घातली. व्हय म्हणाला नाही, न्हाई म्हणाला नाही. सगळ्यांनी जे समजायचं ते समजलं. मी पेढा तोंडात टाकला. तसा गोड पेढा मी परत कधी खाल्ला नाही. परतीच्या वाटेला मी गाणं म्हणत होते आणि मालक रस्त्याकडं बघत गाडी चालवत होते.

बातमी शिरूरपर्यंत गेली. चेअरमननं आपल्या गाड्या तिथून काढल्या, मग बाकीच्यांनी काढल्या. कुणी भेटलं की मला विचारायचं आणि मी पहिल्यापासून सांगायची, दर वेळी थोडं मीठमसाला लावून. मालक उठून बाहेर जायचे.

कांद्याची लागण चालू होती तेव्हाची गोष्ट. भर दुपारी मालक सरीत बसले आणि म्हणाले, “मिस्तरीनं चोरला न्हाई त्यो.”

मी म्हटलं, “मग काय चालत गेला?”

“म्या दिला. चेअरमनचा फुटला व्हता, पेट्रोलच्या गाडीचा नवा कुठं मिळंना. त्यांनी माझ्याकडं मागितला. म्हणले, द्या, तुमच्या कांद्याला आठव्या दिशी पाणी सोडतो. न्हाई म्हणलो असतो तर आपली पाळी पार शेवटाला ढकलली असती. मिस्तरीला म्याच म्हणलं, अदलाबदल करा, पर घरी कळू देऊ नका. मंडळी तापट हाय.”

आदल्या साली आमचा कांदा साऱ्या माळावर उठून दिसला होता. मी पाव्हण्यारावळ्यांत मिरवले होते, माझ्या खुरपणीचा कांदा म्हणून. हातातलं खुरपं मी लांब भिरकावलं, कारण हातात राहिलं असतं तर काय झालं असतं देव जाणे. म्हणजे त्या दिवशी गॅरेजसमोर तोंडावर हात ठेवून हसणारा माणूस मला हसत नव्हता, स्वतःला लपवत होता. आणि कोकरू मेलं तेव्हाही तो गप बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीनं जीप काढली. तोवर मला चालवता येत होती. भीमा ओलांडून दौंडला गेले. गॅरेजात एकही गाडी नव्हती. मिस्तरी आणि त्याची बायको शेंगा फोडत बसली होती. मी दारातूनच विचारलं, “तवा बोलला का न्हाई?”

“तुमच्या मालकांनी शब्द घेतला व्हता. आन् हत्यारं म्होरं मांडलेली. खरं बोलावं तर तुमच्या मालकाचं नाक कापलं जातंय, खोटं बोलावं तर त्या हत्यारांवर माझं पोट हाय. म्हणून गप ऱ्हायलो, वैनी.”

“आन् मला भाकरीकडं बघा म्हणलात ते?”

“ते चुकलं. तुमाला गप करायला कायतरी बोलायचं व्हतं. पिनेचं तेवढं खरं व्हतं.”

त्याची बायको माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही, आणि त्याचाही मला रागच आला. कुणी सांगितली होती ह्यांना माझ्या संसाराची काळजी? मी म्हटलं, “मामा, तुमचं नाव मी धुऊन देते. ज्यानं डाग लावला त्याच्याच तोंडून. त्याच दिशी, त्याच अंगणात, त्याच लोकांपुढं.” मिस्तरी म्हणाला, “राहू द्या.” मी ऐकणार होते थोडीच!

मालकांना मी घरी येऊन सांगितलं. येत्या खंडेनवमीला दौंडच्या अंगणात उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचं. तोवर जीपची किल्ली माझ्या कमरेला. ते म्हणाले, “उद्याच जातो की. चार ड्रायव्हरांना सांगतो, गावात सांगतो.” मी म्हटलं, न्हाई. मला भरलेलं अंगण पाहिजे होतं. पन्नास माणसं पाहिजे होती. माझा नवरा त्यांच्यापुढं तोंडावर हात न ठेवता बोलताना मला बघायचा होता. ते वर्षभर मी रोज ते चित्र डोळ्यापुढं आणून झोपले. मालकांना शेजारी बसवून मी तो चढ चढायची, आणि ते गप बसायचे. कुणी मिस्तरीचा विषय काढला तर मीही गप बसायची. अजून वेळ आहे, म्हणायची.

खंडेनवमीला आम्ही सकाळीच निघालो. मालकांनी पांढरा सदरा घातला होता. वाटेत दोनदा त्यांनी पाणी प्यायला गाडी थांबवायला लावली आणि मला ते बघून बरं वाटत होतं. जीपला मी हार घातला होता.

अंगण झाडून काढलेलं होतं. पाटावर हत्यारं मांडलेली, कुंकू लावलेली, पण निम्मीच. बाकीची मिस्तरीनं विकून टाकली होती. गाडी एकही नव्हती. बायकोनं ताटलीत पेढे ठेवले होते, सहा. आम्ही थांबलो. मी म्हटलं, येतील लोक. उन्हं डोक्यावर आली. रस्त्यानं हार घातलेल्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर गेले, पलीकडच्या नव्या गॅरेजाकडं. एकही वळला नाही. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली, कारण दुसरं काय करणार होते!

मालक अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, मोठ्यानं, मी सांगितलं होतं तसं. मिस्तरी खाली बघत ऐकत होता, त्याची बायको दाराला टेकून ऐकत होती. पन्नास माणसांपुढं मी त्याला चोर केलं होतं. खरं ऐकायला तिथं आम्ही चौघंच होतो, आणि चौघांनाही ते आधीच ठाऊक होतं.